सवलतीतला स्मार्ट स्पीकर घ्यावा का? सांगली-मिरजेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सण जवळ आले की माझ्याकडे एकाच विषयाचे फोन सुरू होतात: "ऑफर लागलीय, घेऊन टाकू का?" सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या गावांत घरोघरी टीव्ही आणि साउंड बसवून द्यायचं माझं काम. त्यामुळे सेलमध्ये घाईघाईनं घेतलेल्या वस्तूचं पुढे काय होतं ते मला जवळून दिसतं. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. किमती दर सेलला बदलतात, म्हणून हिशोब कसा करायचा यावर जास्त भर दिलाय.

साडेतीन हजारांत स्मार्ट स्पीकर मिळतोय. घ्यावा का?

स्मार्ट स्पीकर म्हणजे तोंडी हुकूम ऐकून काम करणारा, नेटवर चालणारा स्पीकर. घरात तो काय करणार हे आधी ठरवा. अलार्म, कुकरच्या वेळेचा टायमर, हवामान, बातम्या, दिवा चालू-बंद करणं, कणकेचे हात असताना गाणं बदलणं, एवढंच हवं असेल तर जरूर घ्या. या पैशांत इतकी सोय देणारी दुसरी वस्तू नाही.

पण "गाणी ऐकायला चांगला स्पीकर हवा" हा हेतू असेल तर थांबा. छोट्या स्मार्ट स्पीकरमध्ये तुमचे पैसे माइक, चिप आणि मागच्या सेवेवर जातात. आवाजाच्या वाट्याला थोडेच येतात. गूगल नेस्ट मिनीत ४० मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर (आवाज काढणारा पडदा) आहे, ऍमेझॉनच्या पाचव्या पिढीच्या इको डॉटमध्ये ४४ मिलिमीटरचा, इको पॉपमध्ये जेमतेम ५० मिलिमीटरचा. चौथ्या पिढीच्या मोठ्या इकोत खालच्या सुरांसाठी ७६ मिलिमीटरचा वूफर आणि शिवाय वरच्या सुरांसाठी दोन ट्वीटर आहेत. दोन्ही शेजारी ठेवून वाजवले तर फरक सांगावा लागत नाही.

पण छोट्या स्पीकरचाही आवाज भरीव वाटतो की. मग अडचण काय?

याचं उत्तर मिरजेत आयतं मिळतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि स्पीकर तपासायला तानपुऱ्यासारखं दुसरं वाद्य नाही. पुरुष गायकाचा तानपुरा काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावला, तर मधल्या जोडाच्या तारा साधारण १३९ हर्ट्झवर (सेकंदाला १३९ कंपनं) बोलतात आणि सगळ्यात खालच्या सुराची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास. चार-पाच सेंटिमीटरच्या पडद्याला इतक्या खालच्या सुरासाठी लागेल तेवढी हवा हलवताच येत नाही.

तरी खर्ज ऐकू आल्यासारखा का वाटतो? कारण त्या तारेतून १३९, २०८, २७७ हर्ट्झ असे वरचे स्वरही निघत असतात. ते छोटा स्पीकर नीट वाजवतो आणि त्यांच्या आधारावर हरवलेला मूळ सूर आपला मेंदू स्वतः भरून काढतो. मोबाइलवर भारदस्त आवाजाचा माणूस ओळखू येतो तोही असाच. सूर कळतो, पण त्याचं वजन लागत नाही.

सतारमेकर गल्लीजवळच्या एका घरात आम्ही एक छोटा स्मार्ट स्पीकर आणि आठ इंची वूफरचा जुना बॉक्स शेजारी ठेवले आणि तानपुऱ्याचं एकच रेकॉर्डिंग दोन्हींवर लावलं. छोट्यावर जवारीची, म्हणजे घोडीवर तार घासून येणारी, झणझण लख्ख आली, कारण ती वरच्या पट्टीत असते. खर्जाची तार आली की मात्र नुसतं कोरडं "टंग्". जुन्या बॉक्सवर तीच तार आली आणि टेबलावरच्या स्टीलच्या पेल्यातलं पाणी थरथरलं. त्या घरातल्या काकांनी पुढे एक शब्दही विचारला नाही, बॉक्सचं काम काढायला सांगितलं.

ज्या गावात उस्ताद अब्दुल करीम खाँ राहिले, जिथे मिरासाहेबांच्या उरुसात आजही गाण्याच्या बैठका होतात, तिथल्या माणसानं आवाजाकडे दुर्लक्ष करून फक्त सवलतीच्या आकड्यावर स्पीकर घ्यावा हे मला मनापासून खटकतं.

दुकानात कसा ऐकून बघायचा?

स्वतःच्या फोनमध्ये तुम्हाला पाठ असलेलं रेकॉर्डिंग घेऊन जा. दुकानदार लावतो ते गाणं त्या स्पीकरवर चांगलंच वाजणार, म्हणून तर तो ते लावतो. डग्ग्याचा घुमारा, पेटीचा खालचा सूर आणि बाईचा वरच्या सप्तकातला आवाज, हे तिन्ही असलेलं काहीतरी निवडा.

आधी निम्म्या आवाजात ऐका, मग पूर्ण करा. बरेच छोटे स्पीकर आवाज वाढला की स्वतःला जपायला खालचे सूर आपोआप कापतात. निम्म्यावर गोड वाटलेलं गाणं पूर्ण आवाजात पत्र्यासारखं होतं ते यामुळे. आणि हातभर अंतरावरून ऐकू नका, घरात बसता तेवढं लांब उभे राहा. दुपारी दोन-तीनला जा, गर्दी नसते आणि माणूस निवांत ऐकवतो.

मराठी समजतं का त्याला?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, आणि तो बहुतेक वेळा पैसे भरून झाल्यावर विचारला जातो.

इकोमधून बोलणारी अलेक्सा भारतात ऑक्टोबर २०१७ मध्ये इंग्रजीतून आली, गूगलचा होम स्पीकर एप्रिल २०१८ मध्ये. अलेक्साला हिंदी सप्टेंबर २०१९ पासून येऊ लागली. आज या स्पीकरवर भारतासाठी चालतात त्या भाषा इंग्रजी आणि हिंदी. गूगलचा बोलका मदतनीस, गूगल असिस्टंट, फोनवर मराठी बोलतो, पण फोनवर चालतं म्हणून तोच गुण स्पीकरमध्ये असेल असं धरू नका. खोक्यावर किंवा जाहिरातीत "मराठी" दिसलं तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा मराठी गाणी मिळतील एवढाच असतो.

विश्रामबागेत एका आजींसाठी मुलानं पुण्याहून स्पीकर पाठवला होता. आजी स्पीकरला प्रेमानं म्हणाल्या, "अगं, सकाळचे अभंग लाव की जरा." तिकडून हिंदीतून माफी. आजींनी पुन्हा सांगितलं, यावेळी थोडं मोठ्यानं, कारण स्पीकरमधल्या बाईला ऐकू आलं नसावं असं त्यांना वाटलं. मी ऍपमध्ये हिंदी आणि इंग्रजी दोन्ही चालू केल्या, अभंगांची एक यादी बनवली आणि तिला "सकाळ" असं एकशब्दी नाव दिलं. आता त्या "सकाळ प्लेलिस्ट लगाओ" म्हणतात आणि काम होतं. गाण्याची नावं, नाट्यपदांचे शब्द, जुन्या गायकांची आडनावं या स्पीकरला नीट पोचत नाहीत, म्हणून अशा छोट्या नावांच्या याद्या आधीच करून ठेवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. घरातल्या तरुण माणसानं यासाठी एक संध्याकाळ द्यावी.

आजोबांना फक्त जुनी मराठी गाणी ऐकायची आहेत. स्मार्ट स्पीकरच घेऊ?

नको. त्यांना बटण हवं. सारेगामाच्या कारवाँची मराठी आवृत्ती मिळते. गाणी आतच भरलेली असतात, नेट लागत नाही, ऍप लागत नाही. नाहीतर पेन ड्राइव्ह लागणारा आणि एफएम असलेला साधा ब्लूटूथ स्पीकर घ्या.

ज्यांचा जीव आकाशवाणी सांगलीवर आहे त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. हे केंद्र १९६३ पासूनचं, मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झला. नुसतं एफएम असलेल्या स्पीकरवर ते लागणार नाही. रेडिओवर "एएम" किंवा "एमडब्ल्यू" लिहिलंय का बघूनच घ्या. स्मार्टफोन असेल तर आकाशवाणीच्या न्यूज-ऑन-एअर ऍपवरून लावून ब्लूटूथनं स्पीकरवर घेता येतं, आणि त्यात खरखर नसते.

"६० टक्के सूट" खरी असते का?

सूट कशावर मोजलीय ते बघा. खोक्यावरची एमआरपी ही सगळ्या करांसह जास्तीत जास्त किंमत असते. तिच्यापेक्षा जास्त कोणी घेऊ शकत नाही, पण त्या किमतीला ती वस्तू कधी विकली गेली असेलच असं नाही. इको पॉप २०२३ मध्ये ४,९९९ रुपये या किमतीला बाजारात आला, पाचव्या पिढीचा इको डॉट ५,४९९ ला. यांची तुलना एमआरपीशी न करता गेल्या तीन-चार महिन्यांतल्या विक्रीच्या किमतीशी करा. ऍमेझॉनवरच्या वस्तूंच्या किमतीचा इतिहास कीपासारख्या साइटवर दिसतो. सेलच्या आठवडाभर आधी किंमत वर आणि सेलच्या दिवशी जुन्याच जागी, असा आलेख दिसला की सूट किती खरी ते कळतं.

दुसरी गोष्ट, मॉडेलची पिढी. नवी पिढी यायच्या बेतात असली की जुनी स्वस्तात काढली जाते. यात फसवणूक नाही. कित्येकदा जुनीच घेणं शहाणपणाचं ठरतं, कारण चौथ्या पिढीच्या इको डॉटला ऑक्स पिनची (दुसऱ्या यंत्राला वायरनं जोडायची) जागा आहे, पाचव्या पिढीत ती काढून टाकली. ज्याला जुन्या ऍम्प्लिफायरला जोडायचंय त्याला जुनाच सोयीचा.

जीएसटी कमी झाल्यामुळे स्पीकर स्वस्त झालेत असं दुकानदार म्हणतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. स्पीकरवर आधीपासूनच १८ टक्के होता. टीव्हीसोबत साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) घेत असाल तर दोन्हींची किंमत वेगवेगळी लिहून मागा.

कुठल्या सेलची वाट बघू?

ऍमेझॉनचा (बहुतेक वर्षी जुलैतला) प्राइम डे आणि दसरा-दिवाळीच्या आधीचे मोठे सेल, यांत स्मार्ट स्पीकर सगळ्यात खाली येतात. कंपनीचा माल कंपनीच्याच साइटवर असतो, म्हणून इको ऍमेझॉनवर जास्त उतरतो. साउंडबार आणि मोठ्या स्पीकरचं गणित वेगळं आहे. पाडव्याला, दसऱ्याला, धनत्रयोदशीला आपल्याकडे गणपती पेठेतला किंवा हरभट रोडवरचा दुकानदारही ऑनलाइनच्या जवळ येतो, फक्त तुम्ही तोंड उघडायला हवं. फोनवर ऑनलाइनची किंमत दाखवा आणि सरळ विचारा, "यात बसेल का?" दोन-तीनशे रुपयांचा फरक उरला तर मी दुकानातूनच घ्या म्हणतो, कारण महिन्यानं काही बिघडलं तर समोर माणूस असतो.

नो-कॉस्ट ईएमआयवर (बिनव्याजी म्हणून सांगितलेल्या हप्त्यांवर) घेऊ?

चार हजारांच्या वस्तूला नको. बँक व्याज लावतेच, ते आधी सवलत म्हणून वजा केलेलं असतं. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी येते. छोट्या रकमेवर ही फीच सगळी सूट खाते. वीस-पंचवीस हजारांच्या साउंडबारला हिशोब करून बघायला हरकत नाही.

रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकलेला) किंवा खोकं उघडलेला माल कसा?

कंपनीनं स्वतः तपासून, वॉरंटीसह विकलेला असेल तर चांगला. व्हॉट्सऍप ग्रुपवरून किंवा ओळखीतून घेत असाल तर तीन गोष्टी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मूळ ऍडॉप्टर सोबत आहे का, कारण इको डॉटची आणि नेस्ट मिनीची पिन गोल असते, घरातला मोबाइल चार्जर चालत नाही. आधीच्या मालकानं स्वतःच्या खात्यातून स्पीकर काढून टाकलाय का. नसेल तर तो तुमच्या खात्याला जोडताना अडचण येते आणि त्याची माहिती तुमच्या घरात राहते. आणि खालच्या बाजूला बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) "आर" पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का. दुबईहून आणलेल्या मालावर भारतातली वॉरंटी चालेल असं गृहीत धरू नका.

स्पीकरसोबत स्मार्ट बल्ब शंभर रुपयांत देतायत. घेऊ?

बल्ब चांगला असतो, पण घरात एक अडचण हमखास येते. भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्ब मेला, मग कितीही हाका मारा. आपल्याकडे खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करायची चांगली सवय मोठ्यांना आहे, ती सुटणार नाही आणि सुटूही नये. म्हणून हा बल्ब कोपऱ्यातल्या दिव्याला, देवघराजवळ किंवा जिन्यात लावा, जिथे बटणाला सहसा कोणी हात लावत नाही. बहुतेक स्मार्ट बल्ब फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात, हेही जोडताना लक्षात ठेवा.

आमच्याकडे तासगावच्या बाजूला वस्तीवर लाइट आणि नेट दोन्ही जातात. उपयोग होईल?

नेट गेलं की स्मार्ट स्पीकर जवळजवळ मुका होतो. गाणं, बातम्या, प्रश्नोत्तरं सगळं बाहेरच्या सर्व्हरवरून येतं. आणि बहुतेक मॉडेलना आत बॅटरी नसते. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, हजार-दीड हजारात मिळतो, आणि स्पीकर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. तेवढी तयारी करायची नसेल तर चार्जिंगचा ब्लूटूथ स्पीकर घ्या, फोनमध्ये गाणी भरून ठेवा, रानात सुद्धा घेऊन जाता येईल.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवणार असाल तर १६० केबीपीएस दर्जाचं गाणं तासाला साधारण ७२ एमबी घेतं, ३२० चं त्याच्या दुप्पट. रोज तीन तास ऐकलं तरी दीड जीबीच्या दिवसाच्या कोट्यात बसतं. पण ज्याचा फोन तो घराबाहेर पडला की स्पीकर बंद, हे विसरू नका.

वीज किती खातो?

नुसता चालू ठेवला तर दोन-तीन वॅट. महिन्याला दीड ते दोन युनिट.

टीव्हीसाठी स्मार्ट स्पीकर घेऊ की साउंडबार?

टीव्हीसाठी साउंडबार, यात माझ्या मनात शंका नाही. ब्लूटूथनं जोडलेल्या स्पीकरवर आवाज किंचित मागे पडतो आणि ओठ आधी, शब्द नंतर असं होतं. टीव्हीच्या मागे "एआरसी" लिहिलेलं एचडीएमआय सॉकेट आहे का बघा. असेल तर एकाच वायरीत काम होतं आणि टीव्हीच्याच रिमोटनं आवाज कमी-जास्त करता येतो. नसेल तर ऑप्टिकल सॉकेट असलेला बार घ्या.

बारा बाय दहाच्या हॉलला वेगळ्या वूफरचा २.१ बार (दोन बाजूंचा आवाज आणि एक वूफर) पुष्कळ होतो. ५.१ (पाच बाजूंचा आवाज आणि एक वूफर) घेऊन मागचे दोन स्पीकर सोफ्याच्या पाठीमागे भिंतीला चिकटवले, किंवा वायर आडवी येते म्हणून दोन्ही एकाच बाजूला शोकेसमध्ये ठेवले, असं मी जागोजागी बघतो. ते पैसे त्यांनी चांगल्या २.१ मध्ये घातले असते तर आवाज जास्त आला असता. ऍटमॉसचं (डोक्यावरूनही आवाज आल्यासारखा वाटवणाऱ्या पद्धतीचं) नाव असलेल्या स्वस्त बारच्या मागे तर जाऊच नका; छताकडे तोंड केलेले स्पीकर त्यात आहेत का ते विचारा, बहुतेक वेळा नसतात.

खोक्यावर "५,००० वॅट" लिहिलंय!

तो पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा आकडा, त्याला काही अर्थ नाही. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, किती ते बघा. आणि आरएमएस दुप्पट झाला तरी आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. ४० वॅटचा नीट बनवलेला स्पीकर ८० वॅटच्या ढिसाळ स्पीकरपेक्षा कधीही बरा.

घरात जुना होम थिएटर पडून आहे. काय करू?

काढू नका! मला या प्रश्नाचा सगळ्यात जास्त आनंद होतो. वीस वर्षांपूर्वीचे लाकडी बॉक्स आजच्या प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा पुष्कळदा सरस असतात. मागे लाल-पांढऱ्या पिनांची जागा असेल तर पाचशे ते हजार रुपयांचा ब्लूटूथ रिसीव्हर लावा, फोनवरची गाणी त्यावर वाजतील. हुकूम तोंडी द्यायचे असतील तर स्वस्तातला इको घेऊन त्यालाच ब्लूटूथनं या रिसीव्हरला जोडा; अलेक्साचा कान आणि जुन्या बॉक्सचा आवाज. वूफरच्या कडेचा फोम किंवा रबर कुजलं असेल तर ते बदलून मिळतं. एवढा खर्च नव्या साउंडबारच्या निम्म्यातही येत नाही.

स्पीकर ठेवू कुठे?

काचेच्या शोकेसच्या आत नको, कोपऱ्यात घुसवून नको. दोन भिंतींच्या कोपऱ्यात खालचे सूर फुगतात आणि शब्द गढूळ होतात. आपल्या स्लॅबच्या, फरशीच्या घरात आवाज घुमतोच. एक जाड पडदा आणि खाली सतरंजी टाकली तर महागड्या स्पीकरइतका फरक पडतो. स्मार्ट स्पीकर मिक्सरजवळ किंवा पंख्याखाली ठेवला तर त्याला तुमची हाक ऐकू येत नाही.

अंगणात किंवा गच्चीवर लावणार असाल तर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो, छोट्या स्पीकरचा तिथे निभाव लागत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, शेजारच्या लेकरांच्या परीक्षा असतात, तेवढं भान ठेवा.

तो आमचं सगळं बोलणं ऐकत असतो का?

हाकेचा शब्द ओळखण्यासाठी माइक सतत जागा असतो; शब्द ओळखला की पुढचं बोलणं सर्व्हरकडे जातं. कधीकधी चुकून दुसराच शब्द हाकेसारखा वाटून तो जागा होतो. इकोवर माइक बंद करायचं बटण आहे, दाबलं की लाल दिवा लागतो. नेस्टवर बाजूला सरकतं बटण असतं. साठलेली रेकॉर्डिंग ऍपमधून ऐकता आणि पुसता येतात, महिन्यातून एकदा पुसा. झोपण्याच्या खोलीत मी तो कोणालाच बसवून देत नाही. घरात लहान मुलं असतील तर आवाजावरून खरेदी बंद करा.

बिघडलेला आला आणि कंपनी दाद देत नाही. सांगलीत बसून काय करता येतं?

पुष्कळ. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, लेबलपासून स्पीकर चालू होईपर्यंत. विकत घेण्याआधीच बघा की "रिटर्न" लिहिलंय की फक्त "रिप्लेसमेंट". दुसऱ्यात पैसे परत मिळत नाहीत, वस्तू बदलून मिळते. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार साइटच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. तिथे हललं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

त्यानंतरही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे कंपनी बंगळुरूची असली तरी केस सांगलीत चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावायची सक्ती नाही. दोन वर्षांच्या आत दाखल करायची. बिल, ऑर्डरचा स्क्रीनशॉट, तो उघडतानाचा व्हिडिओ आणि कंपनीशी झालेले ईमेल एका फोल्डरमध्ये तारखेनुसार लावून घेऊन जा.